यादी वाचताना नाव खोडू नये

हमालांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाच्या पोटातील गोष्टींवर लिहावे, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते मोंढ्यात, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि रात्री कंदिलाशी किंवा दिव्याशी बसून. पण याच मोंढ्यात आम्हाला एक प्रश्न पडला, त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही संगणकापाशी येऊन पोचलो, आणि तेथे पाहतो तो आमचाच जुना प्रश्न नवा कोट घालून बसलेला! म्हणून हे धाडस.

आधी मोंढ्यातली गोष्ट सांगतो. गाव आणि पेढी यांची नावे घेण्याचे कारण नाही. पगाराचा दिवस होता. चाळीस हमालांची चाळीस पत्रके एका लाकडी खोक्यात क्रमाने लावलेली. मुनीम बोटाने जागा मोजत एकेक पत्रक काढी, नाव पुकारी, पैसे देई. सातव्या जागेवरचा गडी गाव सोडून गेला होता. मुनिमाने त्याचा हिशेब पुरा केला आणि पत्रक खोक्याबाहेर टाकले. मागची पत्रके आपोआप पुढे सरकली. आठवे होते ते सातव्या जागी आले. मुनिमाचे बोट मात्र ठरल्याप्रमाणे आठव्या जागेवर गेले, आणि तेथे होता मुळातला नववा. आठव्याचे नाव पुकारलेच गेले नाही. त्याच्यापुढे "गैरहजर" असा शेरा पडला आणि पंधरवड्याची हमाली बुडाली. "साहेब, मी तर हितंच उभा हाय की," असे तो पुनःपुन्हा सांगत होता. आम्ही चार दिवस भांडलो. मुनिमाने पैसे खाल्ले, अशीच आमची खात्री होती. शेवटी टोळीच्या म्हाताऱ्या मुकादमाने पत्रके पुन्हा खोक्यात लावून सारा प्रकार करून दाखवला. मुनीम लबाड नव्हता. त्याची यादी वाचण्याची रीत चुकीची होती. यादी वाचता वाचताच त्याने यादी बदलली होती.

पुढे संघटनेचा हिशेब संगणकावर गेला तेव्हा एका सभासदाच्या मुलाने, जो आज आज्ञावली लिहिण्याचे काम करतो, ही गोष्ट ऐकून सांगितले, "काका, याच चुकीने अख्खी यंत्रं बंद पडतात." त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

आता विषयाकडे वळू. संगणकात किंवा फोनमध्ये एक मध्यवर्ती आज्ञावली असते. तिला गाभा म्हणू. स्मृती कोणाला किती द्यायची, कोणते काम आधी करायचे, हे सारे गाभा ठरवतो. या गाभ्याला छापखान्याचे यंत्र, कॅमेरा, अंगठा घेणारे यंत्र, पेन-ड्राइव्ह अशा निरनिराळ्या उपकरणांची भाषा येत नाही. प्रत्येक उपकरणासाठी एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा गाभा लिहायला आरंभ केला. आज अँड्रॉइड जातीचा जो फोन आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात आहे, त्याच्या पोटात हाच गाभा आहे. साधी आज्ञावली चुकली तर ती एकटी मरते. ड्रायव्हर हा मात्र गाभ्याच्याच घरात राहून काम करतो. तो चुकला की घर कोसळते.

ड्रायव्हरला सदैव याद्या ठेवाव्या लागतात. कोणती उपकरणे जोडलेली आहेत, कोणत्या मागण्या पुऱ्या व्हायच्या आहेत, कोण वाट पाहत उभे आहे, अशा त्या याद्या. त्या ठेवण्याची लिनक्समधील रीत मोठी मौजेची आहे. वाचकांनी अशी कल्पना करावी: परभणीत आमचे तीस सभासद निरनिराळ्या वस्त्यांत राहतात आणि वर्गणी गोळा करायची आहे. कार्यालयात पूर्ण यादी नाही. तेथे फक्त एक पाटी आहे, आणि तिच्यावर पहिल्या सभासदाच्या घरातील पाटीचा ठिकाणा लिहिलेला आहे. त्याच्या घरातील पाटीवर दुसऱ्याच्या पाटीचा ठिकाणा, दुसऱ्याच्या पाटीवर तिसऱ्याचा. शेवटच्या सभासदाच्या पाटीवर परत कार्यालयाचा. प्रत्येक पाटीवर मागच्याचाही ठिकाणा असतो, म्हणजे उलट्या दिशेनेही फिरता येते. वर्गणीवाला कार्यालयातून निघतो, पाट्या वाचत घरोघर जातो, आणि कार्यालयाची पाटी पुन्हा दिसली की फेरी पुरी झाली असे समजतो.

या रीतीचा फायदा उघड आहे. नवा सभासद आला तर दोनच शेजाऱ्यांच्या पाट्या बदलायच्या. सबंध वही नव्याने लिहावी लागत नाही. सभासद गेला तरी तेच. पाटीवरील ठिकाण्याला संगणकाच्या भाषेत पॉइंटर म्हणतात. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे; वस्तू कोठे आहे याची केवळ नोंद. घर पडले तरी पाटीवरचा पत्ता पुसला जात नाही, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

पहिली चूक अशी. समजा, पेन-ड्राइव्ह कोणी एकाएकी उपसून काढला. ड्रायव्हरजवळ त्याच्या नावाने दहा मागण्या पडून आहेत. त्या एकेक करून रद्द करायच्या आहेत. येथे यादी वाचणे आणि यादीतून काढणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत करावी लागतात. वर्गणीवाला पहिल्या घरी जातो, ते घर पाडून जागा मोकळी करतो, आणि मग विचारतो, "आता पुढे कोठे?" पुढचा पत्ता तर पाडलेल्या घरातल्या पाटीवर होता!

कोणी म्हणेल, मग चूक तेथल्या तेथे उघडी पडेल. तशी ती पडत नाही, हीच खरी अडचण. संगणकात घर पाडणे म्हणजे ती जागा मोकळी झाली अशी नोंद करणे. विटा तशाच उभ्या असतात. पाटीही बहुधा जागेवरच लटकत असते. वर्गणीवाला ढिगाऱ्यात शिरतो, पाटी वाचतो आणि सुखरूप पुढे जातो. असे शंभर वेळा घडते. आज्ञावली तपासणारा समाधानाने मान हलवतो. एकशेएकाव्या वेळी मात्र, मधल्या क्षणभरात ती जागा दुसऱ्या कोणाला दिलेली असते. त्याने तेथे आपले सामान मांडलेले असते. वर्गणीवाला त्याच्या भिंतीवरचा भलताच आकडा पुढचा पत्ता म्हणून वाचतो आणि भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. याहून वाईट म्हणजे, तो तेथे काही लिहून येतो.

यावर उपाय साधा आहे. घर पाडण्यापूर्वी पुढचा पत्ता आपल्या वहीत उतरवून घ्यावा. लिनक्समध्ये फेरीचा साधा प्रकार "लिस्ट फॉर ईच एंट्री" या नावाचा आहे. पुढचा पत्ता आधी टिपून ठेवणाऱ्या प्रकाराच्या नावाअखेर "सेफ" असा शब्द जोडलेला आहे. म्हणून जेथे फेरीतच सभासद काढायचा असेल, तेथे हा दुसरा प्रकार वापरावा असा दंडक आहे. गाभ्याच्या कर्त्यांनी आणखी एक युक्ती योजली आहे. यादीतून काढलेल्या पाटीवर मुद्दाम अशक्य पत्ता लिहून ठेवतात. या आकड्यांना ते विषच म्हणतात. जुनी पाटी चुकून कोणी वाचली तर तो भलत्या घरात न शिरता जागीच ठेचकाळतो आणि चूक पकडली जाते. गुप्त चुकीपेक्षा उघड अपघात परवडला, हे त्यामागचे शहाणपण.

दुसरी चूक फेरीच्या शेवटी होते. ती समजण्यासाठी एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्गणीवाल्याला सापडते ती पाटी. त्याला हवी असते ती घरातली पेटी. सर्व घरे एकाच नमुन्याची असल्यामुळे त्याने हिशेब बसवलेला आहे, की पाटीपासून डावीकडे तीन हातांवर पेटी. प्रत्येक घरी हा हिशेब बरोबर येतो. आता तो एका विशिष्ट सभासदाला शोधायला निघाला आहे असे समजा. सापडला की तेथेच थांबायचे. पण तो सभासद यादीत नाहीच. सर्व घरे हिंडून वर्गणीवाला कार्यालयात परत येतो. तेथेही पाटी आहे. सवयीने तो डावीकडे तीन हातांवर हात घालतो. कार्यालय म्हणजे काही सभासदाचे घर नव्हे! तेथे डावीकडे पेटी नाही. गटार असेल, विजेची तार असेल. तरी त्याला वाटते, आपल्याला सभासद सापडला.

ही केवळ कल्पनेतली चूक नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत एका संशोधकाने लिनक्समधील यूएसबी विभागात अशीच एक जागा दाखवून दिली. फेरी संपल्यानंतरही फेरीतला पॉइंटर वापरला जात होता. शोधू लागल्यावर अशा जागा आणखी निघाल्या. त्यावरून गाभ्याच्या कर्त्यांत मोठी चर्चा झाली. टॉर्व्हाल्ड्स यांचे म्हणणे असे पडले, की फेरीतला पॉइंटर फेरीबाहेर दिसतोच कशाला? तो फेरीतच जन्मावा आणि फेरीबरोबरच नाहीसा व्हावा. पण लिनक्स सी भाषेत लिहिलेला, आणि तोही त्या भाषेच्या १९८९ सालच्या नियमांना धरून. त्या नियमांत फेरीच्या तोंडाशीच पॉइंटर जन्माला घालण्याची सोय नव्हती. ती १९९९ च्या नियमांत आली. शेवटी २०२२ च्या मे महिन्यात निघालेल्या ५.१८ या आवृत्तीपासून गाभ्याने जुने नियम सोडून २०११ चे नियम पत्करले. एका पाटीच्या घोटाळ्यापायी इतक्या मोठ्या संस्थेने आपल्या भाषेची नियमावली बदलली!

तोपर्यंत आणि त्यानंतरही पाळण्याजोगी रीत अशी: शोधाच्या फेरीला निघताना दोन वह्या न्याव्यात. एक फिरण्याची, दुसरी सापडल्याची. दुसरी वही आरंभी कोरी असावी. सभासद सापडला तरच तिच्यात नाव लिहावे. परत आल्यावर फक्त दुसरी वही पाहावी. ती कोरी असेल तर सरळ म्हणावे, "सापडला नाही." सापडला नाही असे म्हणण्यात कमीपणा नाही, गटाराला सभासद म्हणण्यात आहे.

तिसरी चूक सर्वांत चोरटी. आतापर्यंत घर पाडणारा आणि फेरी करणारा एकच होता. पण यंत्रात एकाच वेळी अनेक हात काम करतात. वर्गणीवाल्याने पुढचा पत्ता वहीत टिपून घेतला आहे. आणि तो या घरात असतानाच दुसऱ्या कोणी ते पुढचे घर पाडले. वहीतला पत्ता खोटा ठरला. "सेफ" नावाचा प्रकार येथे काडीचाही उपयोगी नाही. आपण स्वतःच हातातले घर पाडणार असू, तेवढ्यापुरताच तो सुरक्षित. नावावर विसंबून पुष्कळ जाणती माणसे येथे फसली आहेत. आमच्या चळवळीतही "संरक्षण" हा शब्द मथळ्यात वाचून आतली कलमे न वाचणारे फसतात, तसेच हे.

येथे कुलूप लागते. फेरी चालू असेपर्यंत कोणीही यादीत बदल करायचा नाही, असा निर्बंध. पण कुलपालाही फाटा फुटतो. एखाद्या घरी काम लांबते, किंवा असे काम निघते की ते कुलूप हाती धरून करता येत नाही. मग ड्रायव्हर लिहिणारा मध्येच कुलूप उघडतो, काम करतो, पुन्हा लावतो आणि टिपलेल्या पत्त्यावरून पुढे निघतो. कुलूप उघडे होते तेवढ्यात काय काय बदलले, याची त्याला वार्ता नाही. नियम असा, की कुलूप एकदा सोडले की जुना टिपलेला पत्ता शिळा समजावा आणि फेरी कार्यालयापासून पुन्हा सुरू करावी. यादी रिकामीच करायची असेल तर त्याहून सोपे: प्रत्येक वेळी कार्यालयाच्या पाटीवर जो पहिला असेल तो उचलावा आणि यादी संपेपर्यंत हेच करीत राहावे. मग पुढचा पत्ता टिपण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा उपाय मोजणीचा. घरात शिरताना दारावर एक रेघ ओढावी, निघताना पुसावी. शेवटची रेघ पुसल्याशिवाय घर पाडायचे नाही. आणि तिसरा उपाय आम्हाला फारच आवडला. तो २००२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. घर पाडायचे ठरले की आधी शेजाऱ्यांच्या पाट्या बदलायच्या, म्हणजे नवा कोणी तिकडे येणार नाही. पण जे आधीच आत शिरले आहेत ते सारे बाहेर पडेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. वाचणाऱ्याला अडवायचे नाही, पाडणाऱ्याने थांबायचे. आमच्या गावोगावच्या वस्त्या हटवणाऱ्यांनी एवढे जरी शिकले तरी पुष्कळ झाले.

या चुकांची किंमत काय, ते आता पाहू. अँड्रॉइडमध्ये बाइंडर नावाचा एक ड्रायव्हर आहे. एका आज्ञावलीचा निरोप दुसरीला पोचवणे हे त्याचे काम. त्यात वाट पाहणाऱ्यांची एक यादी होती. तिची जागा मोकळी केली जाई, पण दुसऱ्या एका विभागाच्या वहीत तिचा पत्ता शिल्लक राही. पुढे तो विभाग त्या पत्त्यावर जाऊन यादीतून नाव काढू पाही. पाडलेल्या घरात शिरण्याचाच हा प्रकार. ही चूक २०१७ च्या अखेरीस तपासणीत आढळली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत मूळ गाभ्यात दुरुस्तही झाली. पण ती दुरुस्ती लोकांच्या हातातील पुष्कळ फोनांपर्यंत पोचली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात गूगलच्या संशोधकांनी जाहीर केले, की याच चुकीच्या वाटेने फोनचा संपूर्ण ताबा घेता येतो, आणि तसा उपयोग कोणी करीत असल्याची चिन्हे आहेत. म्हणजे औषध तयार होऊन दीड वर्ष उलटले होते आणि रोगी तसाच होता.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीने, जी विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसते, वीस नोंदींच्या यादीत एकविसावी नोंद वाचायचा प्रयत्न केला. ही चूक पाट्यांच्या साखळीतली नव्हे, पण सख्खी बहीण म्हणावी अशी. यादी कोठे संपते याचे भान सुटले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या देण्याची वेळ आली.

अशा चुका अपवादाने होतात असेही नाही. क्रोम हा ब्राउझर तयार करणाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले, की त्यांच्याकडील गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या चुकीच्या वापराचे होते, आणि त्यांतले निम्मे पाडलेल्या घरात शिरण्याचे. इतकी हुशार माणसे, इतका पैसा, आणि तरी हे! यावरून आम्ही एवढेच समजतो, की केवळ "सावध राहा" असे सांगून भागत नाही. रीतच अशी हवी, की चुकणे कठीण व्हावे. म्हणूनच पाडलेल्या जागा काही काळ कोणालाही न देता राखून ठेवणारे आणि तेथे पाऊल पडताच आरोळी ठोकणारे तपासनीस आज गाभ्याच्या चाचणीत नेमले जातात. म्हणूनच रस्ट नावाच्या भाषेला २०२२ च्या डिसेंबरातील ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये प्रवेश मिळाला. घर कोणाच्या मालकीचे आणि त्याचा पत्ता कोणाजवळ किती काळ राहील, हे त्या भाषेत आधीच तपासले जाते. कोणी घराचा पत्ता धरून बसला असेल तर ते घर पाडण्याची आज्ञाच लिहू दिली जात नाही. जुन्या सी भाषेतले लक्षावधी ओळींचे काम मात्र कायम आहे, आणि ते सांभाळणाऱ्यांना वर सांगितलेले नियम पाळल्यावाचून गत्यंतर नाही.

शेवटी पुन्हा मोंढ्याकडे येतो. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. त्या कायद्याचा पाया म्हणजे नोंदणी, अर्थात यादी. यादीत नाव असेल तर हमाल. नसेल तर वाटेवरचा माणूस. भविष्यनिधी, रजा, भरपाई सारे त्या एका ओळीवर लटकलेले. आज रेशनच्या दुकानात अंगठा टेकवणाऱ्या बाईचेही तसेच आहे. यंत्र "नाही" म्हणाले की दुकानदार तिच्याकडे पाहतो. यंत्राकडे कोणी पाहत नाही. त्या दिवशी मोंढ्यात आम्हीही हमालाची बाजू घेतली खरी, पण चूक मुनिमाच्या मनात शोधत बसलो. ती होती बोट कोठे ठेवावे याच्या रीतीत. तो आठवा हमाल सारा वेळ खोक्यासमोर उभा होता. यादीत तो होता, आवारात होता, कामावरही होता. फक्त वाचणाऱ्याच्या बोटाखाली आला नाही.

म्हणून आमचे दोन शब्द. ज्यांची मुले आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण घेत आहेत त्यांनी मुलांना सांगावे: यादी वाचताना नाव खोडू नये, खोडावेच लागले तर पुढचा पत्ता आधी टिपावा, फेरी संपल्यावर फेरीतल्या बोटावर विसंबू नये, आणि कुलूप सोडले की पहिल्यापासून मोजावे. आणि आपण सर्वांनी, जे या याद्यांत केवळ नावे म्हणून राहतो त्यांनी, यंत्र "नाही" म्हणाले तरी समोर उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा पाहावे, आणि यादी पुन्हा वाचायला सांगावी. त्या पंधरवड्याची हमाली आठव्याला शेवटी मिळाली, ती अशीच यादी पुन्हा वाचल्यामुळे.